भरलेली कपाटे आणि नऊ आण्यांचे पुस्तक

१२ जानेवारीला सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, त्या वाड्यात पहाटेपासून दर्शनाची रीघ लागते. जालना, परभणी, हिंगोली, वाशीम, अकोल्याकडून रात्रभर गाड्या येत राहतात. गावाबाहेर जिजाऊ सृष्टीच्या मैदानावर सभेची तयारी चालू असते आणि त्याच परिसरात पुस्तकांच्या दुकानांची रांग लागलेली असते. शिवचरित्रे, तुकोबांची गाथा, महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय, बाबासाहेबांची भाषणे, प्रबोधनकारांचे लेखन, शेतीची पुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके. उकिडवे बसून लोक पुस्तके चाळतात, मागची किंमत बघतात, दोन-तीन पुस्तिका मिळून काय लावता म्हणून विचारतात. सोयाबीनचे चुकारे झालेले असतात, कापसाची वेचणी चालू असते, तूर घरात यायची असते. खिशात वर्षातला बरा पैसा असतो तो याच दिवसांत. त्यातला काही भाग पुस्तकांच्या पिशवीत जातो.

ती पिशवी घरी पोचल्यावर काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

पिशवीतली दोन पुस्तके त्याच आठवड्यात वाचून होतात. एक अर्ध्यावर राहते. उरलेली कपाटात जातात, आणि तिथे मागच्या जानेवारीतली, त्याच्या मागच्या जानेवारीतली पुस्तके आधीच उभी असतात. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, खामगाव, मलकापूर, कुठल्याही तालुक्याच्या गावात निवृत्त शिक्षकाच्या, ग्रामसेवकाच्या, एसटीतल्या वाहकाच्या घरी असे कपाट सापडते. बहुतेक वेळा ते लोखंडी असते, गोदरेजसारखे, पण स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेले. पुढच्या ओळीमागे पुस्तकांची दुसरी ओळ असते, वर आडवी टाकलेली असतात. पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव, गाव आणि तारीख. आत कुठेतरी एसटीचे तिकीट खूण म्हणून घातलेले, आणि ते पान अजून तेच. घरातून वऱ्हाडीत ठरलेला प्रश्न येतो, "आनता तं आनता, पन वाचता कधी?"

प्रश्न रास्त आहे. हिशेब करून पाहावा. महिन्याला दोन पुस्तके नेमाने वाचणारा माणूस वर्षाला चोवीस वाचतो. चाळीस वर्षांत ही संख्या हजारापर्यंतही जात नाही, ९६० वर थांबते. नोकरी, शेती, पोरांची लग्ने, आजारपणे यातून महिन्याला दोन वाचणे हेच मुळात दुर्मीळ. कपाटात मात्र दीड-दोन हजार पुस्तके सहज असतात. म्हणजे विकत घेणाऱ्यालाही मनातून ठाऊक असते की ही सगळी आपल्याच्याने वाचून होणार नाहीत. तरी तो घेतो. का घेतो, याचे उत्तर 'हौस' या एका शब्दात संपवले तर बुलढाणा जिल्ह्यावर अन्याय होईल.

पहिले कारण मराठी पुस्तकाच्या जन्मातच आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती परंपरेने हजार-अकराशे प्रतींची. अलीकडे पाचशेची, कवितासंग्रहाची त्याहूनही कमी. एवढ्या प्रती संपल्या की दुसरी आवृत्ती निघेलच याची खात्री कोणी देत नाही. जिल्ह्यात तालुके तेरा, आणि तालुक्याच्या गावातल्या बहुतेक दुकानांत शालेय वह्या, गाईड आणि परीक्षांची पुस्तके असतात. कथा-कादंबरी-वैचारिक पुस्तक हवे असेल तर अकोला, संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते, किंवा टपालाची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी राहणारा वाचक एक नियम आपोआप शिकतो: दिसले तेव्हा घ्यायचे. वाचायची वेळ आली की घेऊ म्हणणारा हमखास फसतो, कारण त्याची वेळ येते तेव्हा पुस्तक नसते. सरकारी प्रकाशनेही याला अपवाद नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य शासन १९७९ पासून स्वस्तात काढते. त्यांना मागणी अफाट आणि खंड मिळत नाहीत, ही परिस्थिती इतकी टोकाला गेली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. नागपूरला दीक्षाभूमीवर एखादा खंड हाती लागला तर माणूस तो का सोडत नाही, हे यावरून कळावे.

मोठ्या ग्रंथप्रदर्शनाची संधी या जिल्ह्याच्या दारापर्यंत येऊन परत गेली, तीही नोंद इथे करायला हवी. ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाची निवड झाली होती. त्यावर अंधश्रद्धेच्या मुद्द्यावरून आक्षेप आले, वाद पेटला, आश्रमाने यजमानपद सोडले आणि संमेलन फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्याला झाले. वादातले खरेखोटे ज्याने त्याने तपासावे. पण संमेलनाला जाणाऱ्या पुष्कळांचा मुक्काम व्यासपीठापेक्षा पुस्तकांच्या गाळ्यांवर जास्त असतो, आणि राज्यभरातले प्रकाशक एका मांडवात आणणारा तो बाजार बुलढाण्याच्या वाचकाला त्या वर्षी गावाजवळ मिळणार होता. तो हुकला.

दुसरे कारण समजून घ्यायला थेट १८८२ सालात जावे लागते, आणि बुलढाण्याच्याच एका घरात.

ताराबाई शिंदे इथल्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले. त्यांनी मुलीला घरी शिकवले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने बायकांच्या चालचलणुकीवर वर्तमानपत्रांतून जे लिहिले गेले त्याने ताराबाई पेटून उठल्या. त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. बायकांवर जे दोष लादले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा थेट, धारदार सवाल करणारे हे पुस्तक त्या काळच्या मराठी समाजाला झेपले नाही. फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र शुकशुकाट. ताराबाईंनी पुन्हा काही छापले नाही. पुस्तक विस्मरणात गेले.

१९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. मध्ये ९३ वर्षे गेली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि आज भारतीय स्त्रीवादाचा इतिहास सांगताना बुलढाण्याच्या या बाईला वगळता येत नाही.

आता त्या ९३ वर्षांचा विचार करावा. पाचशे प्रतींपैकी किती वाळवीने खाल्ल्या, किती रद्दीत गेल्या, किती पावसात लगदा झाल्या याचा हिशेब कोणाकडेच नाही. काही थोड्या प्रती कुठल्या तरी कपाटात, फडताळात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पडून राहिल्या. मागे कोणीतरी नऊ आणे मोजले होते. ते पुस्तक त्याने वाचले की नाही, आवडले की संताप आला, याने आज काही फरक पडत नाही. त्याने आणि त्याच्यामागे आलेल्यांनी ते टाकून दिले नाही, एवढ्यावर ताराबाई वाचल्या. दोन-तीन पिढ्या न उघडलेले पुस्तक हे त्या काळात निरुपयोगी होते असे म्हणणाऱ्याने १९७५ ची ही गोष्ट नीट तपासावी.

या भागात हे पहिल्यांदा घडले असेही नाही. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या मुक्कामांत लोणार आणि मेहकर ही नावे येतात. तेराव्या शतकातले हे मराठीतले आद्य गद्य. चक्रधरांच्या अनुयायांनी, म्हणजे महानुभावांनी, आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून मठांमधून जपले. पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते शेकडो वर्षे वाचताच येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली, पुढे विदर्भातल्याच अभ्यासकांनी हे ग्रंथ छापून काढले, आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. तोवर पोथ्या बासनात होत्या. बासनात होत्या म्हणूनच मिळाल्या.

मराठी घरात न वाचण्यासाठी पुस्तके घेण्याची रीत कोशांनी पक्की केली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ उभे केले, वर्गणीदार आणि भागधारक मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट केली आणि १९२० च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड पुरे केले. तेवीस खंड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्यासाठी कोणी घेत नाही. पुढे वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ ला आणि विसावा २०१५ ला आला. पहिला खंड ज्याने नोकरी लागल्यावर घेतला, त्याच्या निवृत्तीनंतर शेवटचा आला. मधल्या काळात त्याच्या पोरांनी आणि शेजारच्या पोरांनी शाळेच्या निबंधासाठी हत्तीचे पान उघडले असेल, कधी हिमालयाचे. कोशाचा तोच उपयोग. कपाटातल्या इतर पुस्तकांचाही तोच उपयोग असू शकतो, हे आपण सहसा मान्य करत नाही. कादंबरी, चरित्र, इतिहास घेतला की तो सलग संपवलाच पाहिजे, नाहीतर पैसे पाण्यात, असे मानतो.

थोर माणसांचे दाखले द्यायचे तर दोन पुरेत. सिंदखेडच्या लखुजीरावांचे जावई शहाजीराजे. त्यांच्या घराण्याची एक शाखा तंजावरला राज्य करत होती. तिथले दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राजकीय सत्ता इंग्रजांच्या हाती गेलेली, तेव्हा या राजाने आपला पैसा ग्रंथांत घातला. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला निघाले तेव्हा पंडितांना बरोबर घेऊन हस्तलिखिते मिळवली, मिळाली नाहीत त्यांच्या नकला करवल्या. युरोपीय भाषांतली चार हजारांहून अधिक पुस्तके मागवली, पुष्कळांवर स्वतःच्या हाताने सही केली. सरस्वती महाल ग्रंथालय आज जगभरच्या अभ्यासकांचे ठिकाण आहे. एका माणसाला एका जन्मात वाचता येतील एवढीच पुस्तके सरफोजींनी घेतली असती, तर आयुर्वेदापासून मोडी कागदांपर्यंतचा तो ठेवा कावेरीकाठी उरलाच नसता.

दुसरे बाबासाहेब. न्यूयॉर्कच्या विद्यार्थिदशेत, पोटाला चिमटा काढून, त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. त्यातली बरीच त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत. १९१७ मध्ये लंडनहून परतताना सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली, ती बोट महायुद्धात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. दोनदा असे होऊनही त्यांनी घेणे थांबवले नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते पुस्तकांची सोय मनात धरून. बाबासाहेबांनी आपली पुस्तके वाचलीही, समासात टिपा करत वाचली. त्यांची बरोबरी कोणी करू नये. पण त्यांचे अनुकरण करणारा, पाचवी-सातवी शिकलेला माणूस ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरहून परतताना डब्याच्या पिशवीत तीन पुस्तके आणतो, तेव्हा तो ती घरासाठी आणत असतो. त्याला स्वतःला वाचायला जड जाते. त्याच्या मुलीला जात नाही.

हे मत भावनेचे नाही, याला आधार आहे. जोआना सिकोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३१ देशांतल्या सुमारे १ लाख ६० हजार प्रौढांच्या माहितीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुम्ही सोळा वर्षांचे होता तेव्हा घरात किती पुस्तके होती, असा प्रश्न त्यांना विचारलेला होता. घरात पुस्तके जास्त, तशी मोठेपणीची वाचनाची, आकडेमोडीची आणि तंत्रज्ञान वापरण्याची क्षमता जास्त, असे दिसले. साधारण ऐंशी पुस्तकांपाशी माणूस सरासरीला पोचतो आणि साडेतीनशेच्या पुढे फारशी भर पडत नाही. आईबापांचे शिक्षण आणि नोकरी हिशेबात धरूनही हा फरक उरतो. त्या ३१ देशांत भारत नाही, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: प्रश्न घरात असलेल्या पुस्तकांचा होता, आईबापांनी वाचलेल्या पुस्तकांचा नव्हता.

याच जिल्ह्यात याच्या नेमके उलट टोकही नांदते. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये शेगावात 'श्री गजानन विजय' पुरा केला, अध्याय एकवीस. लाखो घरांत हा एकच ग्रंथ वर्षानुवर्षे वाचला जातो. गुरुपुष्याला, प्रकटदिनाला, संकटात, आनंदात पारायणे होतात. ज्या आजींनी दुसरे एकही पुस्तक वाचले नाही, त्यांना अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असतात. पानांचे कोपरे मऊ पडलेले, हळदीकुंकवाचे डाग, शिवण सुटली म्हणून कापडी पट्टी लावलेली पोथी. एक पुस्तक शंभरदा वाचणारी आई आणि शंभर पुस्तके घेऊन दहा वाचणारा मुलगा एकाच छपराखाली राहतात, आणि दोघांच्या मनात अक्षराविषयी जी आस्था आहे ती एकाच मुळाची आहे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या यादीत येत राहते, ज्या मातीतून सदानंद देशमुखांची 'बारोमास' आली आणि २००४ मध्ये साहित्य अकादमीचा मान मिळवून गेली, तिथे माणसे अजून पुस्तकाला पैसे काढतात, ही साधी गोष्ट नव्हे.

म्हणून घेण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या टप्प्याची आहे, आणि ती मोठी आहे.

कपाटाला कुलूप असते. पुस्तक नेले की परत येत नाही, या अनुभवाने शहाणा झालेला मालक कोणाला हात लावू देत नाही. वैशाखात खामगाव-नांदुऱ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, कागद पिवळा पडून कडक होतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गावात भिंतीतून वाळवी चढते, आणि तिला कपाट लोखंडी असल्याने फरक पडत नाही, मागच्या फटीतून ती शिरते. कडुलिंबाचा पाला, वेखंड, डांबरगोळ्या यांनी कसर थोडी रोखली जाते. खरा उपाय एकच, पुस्तके अधूनमधून हाताळली गेली पाहिजेत. कुलपामागे ते होत नाही.

मग एक दिवस मालक जातो. मुलगा पुण्याला हिंजवडीत, मुलगी नाशिकला. तेराव्यानंतर घर आवरायला घेतात. सदनिकेत नेण्यासारखी दहा पुस्तके निवडली जातात. उरलेली गावातल्या वाचनालयाला देऊ म्हणून कोणीतरी चौकशी करते, तर वाचनालय म्हणते, जागा नाही. तेही खोटे नसते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात हजारो वाचनालये उभी राहिली, अ-ब-क-ड वर्ग ठरले, पण खालच्या वर्गातले गावचे वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची किंवा देवळालगतची एक खोली, तुटपुंज्या अनुदानावर चालणारी आणि तुटपुंज्या मानधनावरचा ग्रंथपाल. तालुक्याच्या मोठ्या वाचनालयाची आता अभ्यासिका झालेली असते; पोलीस भरती आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुले सकाळी सात ते रात्री दहा बसतात, त्यांना टेबल आणि पंखा हवा असतो. विश्वकोशाचे जुने संच देऊ केले तर ते आधीच आहेत. शेवटी रद्दीवाला येतो. तो किलोवर घेतो. त्याच्या तराजूत गाथा आणि गाईड एकाच भावाने जातात. बापाने तीस जानेवारी खर्चून जमवलेले कपाट एका हातगाडीत मावते.

या शेवटाला पोरांना दोष देणे सोपे आहे, पण योग्य नाही. कोणते पुस्तक कशासाठी घेतले होते, कोणते दुर्मीळ, कोणते कोठेही मिळणारे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शेतीची वाटणी होते, घराचे मृत्युपत्र होते, दागिन्यांची यादी होते. पुस्तकांचे नाव कोणत्याच कागदावर नसते. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तके जमवली त्याने एवढे काम करून ठेवायला हवे होते, असे म्हणणे कठोर वाटेल; तरी ते म्हणायला हवे. वाचायला वेळ नव्हता हे मान्य. यादी करायला चार रविवार लागतात.

नरकचतुर्दशीच्या आधी घरोघर साफसफाई निघते, पुस्तके खाली उतरतात, झटकली जातात, उन्हात पडतात. ज्यांच्याकडे असे कपाट आहे त्यांना विनंती एवढीच की ती परत चढवण्याआधी शाळेची एक शंभर पानी वही घ्यावी. पुस्तकाचे नाव, लेखक, साल, आणि पुढे एक रकाना: 'माझ्यामागे कोणाला'. भाचीचे नाव लिहा, शाळेचे लिहा, शेजारच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचे लिहा. ज्या जुन्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे दिसली नाही, त्यापुढे लाल शाईने खूण करा आणि ते जिल्हा ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आधी विचारून, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने देऊन या. दुसरी वही देवघेवीची करा, नेणाऱ्याची सही घ्या आणि कुलूप काढा. काही पुस्तके परत येणार नाहीत. रद्दीपेक्षा ते बरे. आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाल तेव्हा नवी पुस्तके जरूर घ्या. तिथे 'स्त्रीपुरुषतुलना' दिसले तर आधी ते घ्या. लिहिणारी बाई याच जिल्ह्याची होती, आणि जिल्ह्यातल्या किती कपाटांत ते आहे हे आपल्यालाच मोजायचे आहे.